दूध न देणाऱ्या जनावराचा खुराक : वासरू, कालवड आणि भाकड गाईचा आहार व व्यवस्थापन

शेतीला पूरक अशा जोडधंद्यांत दुग्धव्यवसायाचे स्थान वरचे आहे. पावसाने दगा दिला किंवा बाजारभाव कोसळला, तरी दर दहा-पंधरा दिवसांनी हाती येणारा दुधाचा पगार घरखर्चाला आधार देतो. उरुळीकांचन येथे १९६७ साली स्थापन झालेल्या बायफ संस्थेने संकरित गाईंचा प्रसार खेडोपाडी केला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर या तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित केली. कृत्रिम रेतनाची सोय आज बहुतेक गावांत पोचली आहे. म्हणजे दुधाची आनुवंशिक क्षमता आपल्या गोठ्यात आली आहे. तरीही अनेक गोठ्यांत गाय अपेक्षेइतके दूध देत नाही, कालवड तीन-साडेतीन वर्षांची झाली तरी वीत नाही आणि व्यालेली गाय सहा-सहा महिने माजावर येत नाही, अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात.

यामागील कारण शोधायला गव्हाणीकडे पाहावे. ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ या म्हणीप्रमाणे जिचे दूध संस्थेत जाते तिच्यापुढे पेंड, चुनी आणि हिरवा चारा पडतो. दावणीच्या टोकाला बांधलेल्या कालवडीला व आटलेल्या गाईला मात्र उरलेल्या वैरणीवर दिवस काढावे लागतात. आज दूध नाही, तर खुराक कशाला, असा हिशेब केला जातो. पण गाय किती दूध देणार हे बऱ्याच अंशी ती विण्यापूर्वीच ठरलेले असते. जन्मानंतरचे तीन महिने, कालवडीच्या वाढीचा काळ आणि विण्यापूर्वीचे दोन महिने या तीन टप्प्यांत जे कमी पडते, ते पुढे कितीही पेंड घातली तरी पुरतेपणी भरून निघत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून जनावराच्या वयानुसार आहाराचे नियोजन कसे करावे, याची माहिती पुढे दिली आहे. येथील आकडे मुख्यतः संकरित गाईसाठी असून म्हशीच्या बाबतीत जेथे फरक पडतो तेथे तसे नमूद केले आहे.

पहिले चोवीस तास : चीक

वासरू जन्मल्याबरोबर त्याच्या नाकातोंडातील चिकट द्रव पुसून काढावा व गाईला ते चाटू द्यावे. नाळ शरीरापासून सुमारे २ ते ३ सेंटिमीटर अंतरावर निर्जंतुक दोऱ्याने बांधून त्याखाली कापावी आणि टोकाला टिंक्चर आयोडीन लावावे. या साध्या कामाकडे दुर्लक्ष झाल्यास नाळेतून जंतू शिरतात, बेंबीला पू होतो आणि सांधे सुजतात.

त्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे चीक पाजणे. गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक घटक गर्भाशयातून वासराला मिळत नाहीत, ते केवळ चिकातूनच मिळतात. हे घटक जसेच्या तसे शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक कमी होत जाते व साधारण २४ तासांनंतर जवळजवळ संपते. त्यामुळे ‘वार पडल्याशिवाय चीक पाजू नये’ हा समज अत्यंत नुकसानकारक आहे. वार पडायला ८ ते १२ तास लागू शकतात आणि तोपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो.

वासराच्या वजनाच्या एक दशांश, म्हणजे २५ किलो वजनाच्या वासराला पहिल्या दिवसात २.५ लिटर चीक पोटात गेला पाहिजे. त्यातील निम्मा पहिल्या एक-दोन तासांत आणि उरलेला १२ तासांच्या आत पाजावा. पुढेही तीन-चार दिवस चीकच द्यावा. खरवसासाठी चीक शेजारीपाजारी वाटण्याची आपली पद्धत आहे, तिला हरकत नाही, मात्र वासराचा वाटा आधी काढावा.

जन्म ते तीन महिने : दूध आणि काफ स्टार्टर

वासराचे पोट मोठ्या जनावरासारखे काम करीत नाही. जन्मतः त्याचे कोठीपोट लहान व निष्क्रिय असते आणि दूध सरळ चौथ्या कप्प्यात जाते. वैरण पचविणारे कोठीपोट तयार व्हायचे, तर त्यात धान्ययुक्त खाद्य आणि पाणी गेले पाहिजे. खाद्य आंबून जी आम्ले तयार होतात, त्यांच्यामुळे कोठीपोटाच्या आतील अस्तराची वाढ होते. केवळ दुधावर किंवा केवळ कडब्यावर ठेवलेल्या वासराचे कोठीपोट नीट तयार होत नाही. पोट सुटलेले, केस राठ आणि मान बारीक असे वासरू दिसले, तर बहुतेक वेळा जंत आणि खुराकाचा अभाव ही दोन्ही कारणे एकत्र असतात.

दूध पाजण्याचे प्रमाण पुढीलप्रमाणे ठेवावे.

पहिला महिना : वजनाच्या १/१०
दुसरा महिना : वजनाच्या १/१५
तिसरा महिना : वजनाच्या १/२०

जन्मतः २५ किलोचे वासरू दुसरा महिना लागताना सुमारे ३७ किलो आणि तिसरा लागताना ५० किलो भरते असे धरले, तर तिन्ही महिन्यांत रोजचे दूध २.५ लिटरच येते. म्हणजे तीन महिन्यांत एकूण सुमारे २२५ लिटर. हा आकडा ऐकून अनेकांचा हात आखडतो. परंतु तो कोणत्या नुकसानीशी ताडून पाहायचा, हे पुढे कालवडीच्या हिशेबात स्पष्ट होईल. दूध दोन वेळा विभागून, कोमट आणि स्वच्छ भांड्यातून पाजावे. थंड दूध, उष्टे भांडे आणि अनियमित वेळ ही वासरांच्या हगवणीची नेहमीची कारणे आहेत. म्हशी व देशी गाई वासराशिवाय पान्हा सोडत नसतील, तर पारडाला किंवा वासराला आधी थोडे पाजून, शेवटी त्याच्या वाट्याचे दूध सडात राखावे.

दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे काफ स्टार्टर ठेवावे. यात २० ते २२ टक्के प्रथिने असावीत. घरच्या घरी पुढील मिश्रण करता येते.

मक्याचा भरडा ४५ किलो, शेंगदाणा पेंड ३५ किलो, गव्हाचा कोंडा १७ किलो, खनिज मिश्रण २ किलो, मीठ १ किलो.

सुरुवातीला मूठभर मिश्रण दूध पाजल्यानंतर वासराच्या तोंडाला लावावे, म्हणजे त्याला चव लागते. वासराच्या खुराकात युरिया घालू नये. सरकी पेंडही या वयात टाळावी, कारण तिच्यातील गॉसिपॉल हा घटक लहान वासरांना अपायकारक असतो. शेंगदाणा पेंड बुरशी आलेली असल्यास कोणत्याही जनावराला देऊ नये. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर असावे. दूध प्यायलेल्या वासराला वेगळे पाणी लागत नाही, हा गैरसमज आहे. वासरू सलग तीन दिवस रोज पाऊण ते एक किलो खुराक खाऊ लागले की दूध हळूहळू बंद करता येते. दूध एकदम तोडू नये.

जंताचे पहिले औषध १० ते १५ दिवसांचे असताना, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा व पुढे दर तीन महिन्यांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. पारडांमध्ये गोलकृमींमुळे मरतूक मोठी असते, तेथे हे पहिले औषध चुकवून चालणार नाही. वासरांना दावणीला मोठ्या जनावरांच्या मध्ये न बांधता वेगळ्या, कोरड्या व हवेशीर जागेत मोकळे सोडावे.

कालवड : एका वर्षाचा हिशेब

कालवड माजावर केव्हा येणार हे तिच्या वयापेक्षा वजनावर अधिक अवलंबून असते. संकरित कालवड साधारण २५० किलो वजनाची झाली म्हणजे ती भरविण्यास योग्य होते. आता हिशेब करू. जन्मतः वजन २५ किलो धरल्यास आणखी २२५ किलो वाढ हवी.

दररोज सुमारे ४१५ ग्रॅम वाढ मिळाली, तर ही वाढ ५४० दिवसांत, म्हणजे १८ महिन्यांत पूर्ण होते. गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असल्याने कालवड २७ व्या महिन्यात विते.

दररोज २५० ग्रॅमच वाढ झाली, तर त्याच वजनाला ९०० दिवस, म्हणजे ३० महिने लागतात. ती ३९ व्या महिन्यात विते.

फरक बरोबर एका वर्षाचा आहे. त्या वर्षभर कालवड खाणारच आहे, दावण अडविणार आहे, शेणघाण काढावी लागणार आहे, पण दूध मात्र एक थेंब मिळणार नाही. एका वेतात ती २,५०० लिटर दूध देणार असेल, तर आयुष्यातील जवळजवळ एक वेत आपण गमावले. वासरपणी वाचविलेले शे-दोनशे लिटर दूध आणि कालवडीचा वाचविलेला खुराक यांची किंमत ही अशी मोजावी लागते. म्हशीच्या रेड्यांच्या बाबतीत हे नुकसान आणखी मोठे असते, कारण त्या मुळातच उशिरा वयात येतात. त्यांना भरविताना वजन २७५ ते ३०० किलो असावे.

कालवडीचे वजन व आहार यांचे ढोबळ प्रमाण असे ठेवावे.

३ ते ६ महिने : वजन सुमारे ६० ते १०० किलो, खुराक १ ते १.५ किलो; हिरवा चारा ३ ते ५ किलो; वाळलेली वैरण अर्धा ते १ किलो.
६ ते १२ महिने : वजन १०० ते १७५ किलो, खुराक १.५ किलो, हिरवा चारा ८ ते १० किलो, वाळलेली वैरण १ ते २ किलो.
१२ ते १८ महिने : वजन १७५ ते २५० किलो, खुराक १.५ किलो, हिरवा चारा १० ते १२ किलो, वाळलेली वैरण २ ते २.५ किलो.

याशिवाय वयानुसार रोज २० ते ३० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. हिरव्या चाऱ्यात एक तृतीयांश भाग लसूणघास, चवळी यांसारख्या द्विदल चाऱ्याचा असल्यास खुराकात अर्ध्या किलोपर्यंत बचत करता येते. मात्र कालवडीला अति खुराक देऊन चरबी चढवू नये. वयात येण्यापूर्वी अंगावर फार चरबी आलेल्या कालवडीच्या कासेत दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची वाढ कमी होते.

वजन मोजण्याची सोपी पद्धत : वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरेशी आहे. जनावर सपाट जागेवर सरळ उभे करून पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व येणाऱ्या संख्येस ६६० ने भागावे, म्हणजे अंदाजे वजन किलोत मिळते. उदाहरणार्थ, घेर ५८ इंच व लांबी ४९ इंच असल्यास ५८ × ५८ × ४९ ÷ ६६० = सुमारे २५० किलो. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, सकाळी खाद्य देण्यापूर्वी माप घेऊन वहीत लिहावे. महिन्याची वाढ १२ किलोपेक्षा कमी भरली, तर जंत, गोचीड की खुराक यांपैकी काय चुकते आहे, याचा शोध लगेच घेता येतो.

लसीकरण : लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, एक महिन्याने दुसरी मात्रा व त्यानंतर दर सहा महिन्यांनी द्यावी. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी सहा महिन्यांच्या वयानंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त मादी वासरांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात आयुष्यातून एकदाच दिली जाते, ती संधी दवडू नये. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली होती. त्याचा अनुभव लक्षात घेऊन या रोगाची लसही दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घ्यावी.

गाभण कालवड : कालवड गाभण राहिली तरी तिची स्वतःची वाढ थांबलेली नसते. तिला दोन जिवांबरोबर स्वतःच्या वाढीचेही अन्न लागते. त्यामुळे तिला पूर्ण वाढलेल्या गाभण गाईपेक्षा अर्धा ते एक किलो खुराक जास्त द्यावा. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत तिला दुभत्या गाईंच्या शेजारी बांधावे, अंगावरून व कासेवरून हळुवार हात फिरवावा. पहिल्या विताला लाथ मारणाऱ्या कालवडींना बहुधा ही सवय लावलेली नसते.

आटवणे : साठ दिवसांची विश्रांती

दोन वेतांच्या मध्ये गाईला सुमारे ६० दिवस विश्रांती मिळणे आवश्यक आहे. या काळात कासेतील जुन्या पेशी जाऊन नव्या तयार होतात. विण्याच्या दिवसापर्यंत दूध काढत राहिल्यास पुढच्या वेताचे दूध घटते आणि चीकही पातळ येतो. रेतनाची तारीख नोंदलेली असल्यास सातवा महिना पूर्ण होताच आटवण्याची तयारी करता येते.

दूध कमी करण्यासाठी आधी तीन-चार दिवस खुराक व हिरवा चारा कमी करावा, पण पाणी तोडू नये. रोजचे दूध ५ लिटरपेक्षा कमी असल्यास दूध काढणे एकदम बंद करता येते. जास्त असल्यास प्रथम दिवसातून एकदा आणि नंतर एक दिवसाआड काढून थांबावे. शेवटच्या वेळी कास पूर्ण मोकळी करावी. स्तनदाह आहे की नाही याची तपासणी करून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रत्येक सडात आटवण्याच्या वेळी वापरावयाची प्रतिजैविकाची ट्यूब सोडावी. पुढील दोन आठवडे कास रोज पाहावी. एखादा सड सुजला, गरम लागला तर लगेच उपचार करावा.

भाकड काळातील आहार

‘भाकड’ या एका शब्दात आपण गाभण नसलेली आटलेली गाय आणि सात-आठ महिन्यांची गाभण आटलेली गाय, अशा दोघींनाही बसवितो. येथे विचार दुसरीचा आहे. तिच्या पोटातील वासराची दोन तृतीयांशांहून अधिक वाढ गर्भकाळाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होते. त्याच वेळी कास पुढच्या वेतासाठी तयार होत असते. म्हणजे बाहेरून रिकामी दिसणारी ही गाय गोठ्यातील सर्वांत महत्त्वाचे काम करीत असते.

४०० किलो वजनाच्या आटलेल्या गाभण गाईला शरीरपोषणासाठी १.५ किलो आणि गर्भवाढीसाठी १ ते १.५ किलो असा एकूण २.५ ते ३ किलो खुराक, १५ किलो हिरवा चारा आणि ४ ते ५ किलो कडबा कुट्टी द्यावी. विताना गाय खंगलेली नसावी आणि फार लठ्ठही नसावी. बरगड्या नजरेला ठळक दिसू नयेत, पण हात फिरविल्यास लागाव्यात, ही कसोटी ठेवावी. लठ्ठ गाय अडते, विल्यानंतर कमी खाते आणि किटोनबाधेला बळी पडते.

शेवटच्या तीन आठवड्यांत दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली म्हणजे, विल्यानंतर जो खुराक द्यायचा आहे तोच या काळात थोडा थोडा सुरू करावा. कोठीपोटातील सूक्ष्म जीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दुसरी म्हणजे, या काळात लसूणघास कमी करावा आणि कॅल्शियमची औषधे स्वतःहून पाजू नयेत. विल्याबरोबर दुधावाटे कॅल्शियमची मोठी मागणी सुरू होते. एक लिटर दुधातून सुमारे १.२ ग्रॅम आणि चिकातून त्याहूनही अधिक कॅल्शियम बाहेर पडते. विण्यापूर्वी आहारातून भरपूर कॅल्शियम मिळत राहिल्यास हाडांतील साठा वापरण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेच्या वेळी ती कामाला लागत नाही. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम घटून दुग्धज्वर होतो. जास्त दूध देणाऱ्या, तिसऱ्या वेतापुढील गाईंत हा आजार विल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत दिसतो. गाय बसून राहते, मान कुशीकडे वळविते, कान थंड पडतात. नावात ज्वर असला तरी ताप नसतो. अशा गाईला तोंडावाटे काहीही पाजू नये, ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्वरित पशुवैद्यकाला बोलवावे. वेळेवर शिरेतून कॅल्शियम मिळाल्यास गाय बहुधा काही तासांत उठते.

विल्यानंतरचे शंभर दिवस

विल्यानंतर गाईला कोमट पाणी, गूळ व गव्हाचा शिजवलेला भरडा असा हलका आहार द्यावा. वार १२ तासांत न पडल्यास हाताने ओढून काढू नये, पशुवैद्यकाला दाखवावे. जास्त दुधाच्या गाईची कास पहिले दोन-तीन दिवस पूर्ण रिकामी करू नये.

गाईचे दूध विल्यानंतर सहाव्या ते आठव्या आठवड्यात कमाल पातळीला पोचते. तिची भूक मात्र दहाव्या ते बाराव्या आठवड्यात पूर्ण वाढते. या मधल्या काळात गाय खाते त्यापेक्षा जास्त दुधावाटे देते आणि तूट अंगावरच्या साठ्यातून भरून काढते. भाकड काळात तिला नीट खाऊ घातले असेल, तरच हा साठा अंगावर असतो. नसेल तर दूध लवकर उतरते आणि गाय माजावर येत नाही. ढोबळमानाने, कमाल पातळीचे दूध १ लिटरने वाढले तर पूर्ण वेताचे दूध २०० लिटरने वाढते.

खुराक देण्याचा नियम सोपा आहे. शरीरपोषणासाठी १.५ किलो आणि दुधासाठी गाईला दर लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम. विल्यानंतर खुराक एक-दोन दिवसाआड अर्धा किलोने वाढवीत न्यावा. जोपर्यंत वाढीव खुराकाबरोबर दूध वाढते आहे, तोपर्यंत वाढवावा. मात्र एकूण कोरड्या आहारात खुराकाचा वाटा निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये. तसे झाल्यास पोटात आम्लता वाढते व दुधाची फॅट घसरते. खुराक तीन-चार वेळा विभागून द्यावा.

४०० किलो वजनाच्या व १० लिटर दूध देणाऱ्या गाईचा रोजचा आहार असा असावा.

मका किंवा संकरित नेपियर गवत १२ किलो, लसूणघास ८ किलो, कडबा कुट्टी ३.५ किलो, खुराक ५.५ किलो, त्याशिवाय खनिज मिश्रण ५० ग्रॅम व मीठ ३० ग्रॅम.

यातून सुमारे १२ किलो कोरडा आहार मिळतो. तो गाईच्या वजनाच्या ३ टक्के, म्हणजे गरजेइतका आहे. खुराकाचे मिश्रण पुढीलप्रमाणे घरी करता येते : मका भरडा ३५, शेंगदाणा पेंड १५, सरकी पेंड १५, गव्हाचा कोंडा २०, तूर चुनी १२, खनिज मिश्रण २ व मीठ १ किलो. खुराकातूनच खनिज मिश्रण व मीठ जात असेल, तर वेगळे देताना तेवढे कमी करावे. अशा गाईला ऋतुमानानुसार रोज ६० ते ८० लिटर पाणी लागते. दिवसातून दोनदा पाण्यावर नेण्यापेक्षा गोठ्यात चोवीस तास पाणी ठेवल्यास दूध वाढते, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

विल्यानंतर ४५ ते ६० दिवसांत गाय माजावर यावी, ६० दिवसांनंतरच्या माजावर भरवावी आणि ९० दिवसांपर्यंत गाभण राहावी, असे उद्दिष्ट ठेवावे. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी व संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. एक माज चुकला की २१ दिवस वाया जातात. म्हशीत मुका माज जास्त आढळतो, म्हणून पहाटे व रात्री उशिरा लक्ष ठेवावे. रेतनानंतर अडीच ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी. मादी वासरांचे प्रमाण वाढविणाऱ्या लिंगनिर्धारित वीर्यमात्राही आता उपलब्ध आहेत. पण जन्मलेल्या कालवडी नीट वाढविण्याची तयारी असेल, तरच त्यांचा उपयोग.

दूध उतरणीला लागल्यावर, म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर, खुराक दुधाच्या प्रमाणात कमी करावा. मात्र गाय फार वाळलेली असल्यास अर्धा किलो जास्त चालू ठेवून झीज याच काळात भरून काढावी.

वैरणीचे नियोजन आधी, गाईची खरेदी नंतर

वरील सर्व आहार विकतच्या पेंडीवर बसविल्यास धंदा परवडणार नाही. स्वतःच्या रानातील हिरवी वैरण हीच सर्वांत स्वस्त प्रथिने व जीवनसत्त्वे पुरविते. वाळलेल्या कडब्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. लसूणघासाच्या कोरड्या भागात ती १८ ते २० टक्के असतात.

दोन गाई, एक कालवड व एक वासरू यांना रोज सुमारे ६० किलो, म्हणजे वर्षाला २२ टन हिरवी वैरण लागते. बागायती जमिनीत ती पुढीलप्रमाणे उभी करता येते.

१) फुले जयवंतसारखे संकरित नेपियर गवत १० गुंठे : यातून वर्षाला सुमारे १० टन चारा मिळतो. पहिली कापणी ६० ते ७० दिवसांनी व पुढील कापण्या ४० ते ४५ दिवसांनी, जमिनीपासून १५ सेंटिमीटर खोड ठेवून कराव्यात. गवत जून झाल्यास पचनीयता घटते.
२) लसूणघास ५ गुंठे : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरावा. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी व नंतर दर २५ ते ३० दिवसांनी करावी. सुमारे ४ टन चारा मिळतो. कोवळा ओला लसूणघास उपाशी जनावराला एकट्याने घातल्यास पोट फुगते. तो थोडा सुकवून कुट्टीत मिसळून द्यावा.
३) आफ्रिकन टॉल मका १० गुंठे, वर्षातून दोनदा : प्रत्येक पिकातून ५ टनांच्या आसपास चारा मिळतो. एक पीक चवळीबरोबर मिश्र घ्यावे. दुसरे दाणे चिकात असताना कापून मुरघास करावा. एक घनमीटर खड्ड्यात ५०० ते ६०० किलो मुरघास मावतो व तो सुमारे ४५ दिवसांत तयार होतो. मार्च ते जूनमधील टंचाईला याचा आधार होतो.

भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड असल्यास १०० किलोस ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा व ढीग हवाबंद करून २१ दिवस झाकून ठेवावा. ही वैरण सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये.

दोन धोके लक्षात ठेवावेत. फुलोऱ्यापूर्वीची कोवळी ज्वारी, विशेषतः पावसाच्या ताणात वाढ खुंटलेली, विषारी असते. ती जनावरांच्या तोंडी पडू देऊ नये. ऊसपट्ट्यात तोडणीच्या हंगामात सर्व जनावरे उसाच्या वाढ्यांवरच ठेवली जातात. वाढ्यांत प्रथिने कमी असतात आणि त्यांतील ऑक्झॅलेटमुळे आहारातील कॅल्शियम शरीराला मिळत नाही. त्याचा पहिला फटका कालवडींना व गाभण गाईंना बसतो. म्हणून वाढे हिरव्या चाऱ्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नयेत, जोडीला द्विदल चारा व खनिज मिश्रण अवश्य द्यावे.

समारोप

शेतकरी बंधूंनी गोठ्यात एक साधी वही ठेवावी. तीत प्रत्येक जनावराची जन्मतारीख, दरमहाचे वजन, माजाची व रेतनाची तारीख, आटविल्याची व विल्याची तारीख आणि रोजचे दूध एवढ्याच नोंदी कराव्यात. वर्षअखेरीस ती वही वाचली, तर कोणत्या टप्प्यावर जनावर मागे पडले, हे आपोआप कळते.

खुराक किती आहे यापेक्षा तो वेळेवर कोणाला मिळतो, याला महत्त्व आहे. पेंडीची पोती मोजकीच असतील, तर त्यांतील पहिला वाटा वासराला, कालवडीला आणि विण्याच्या बेतात असलेल्या गाईला काढून ठेवावा आणि उरलेला दुभत्या गाईला दुधाच्या प्रमाणात द्यावा. असे केल्यास पहिले एक-दोन महिने संस्थेतील दूध किंचित कमी भरेल. पण कालवड वर्षभर आधी वेतावर येईल, गाय वेळेवर गाभण राहील आणि दर दोन वर्षांनी बाजारातून नवीन गाय आणण्यासाठी काढावे लागणारे कर्ज टळेल. चांगली गाय विकत मिळणे दिवसेंदिवस महाग होत आहे. ती आपल्याच गोठ्यात तयार करणे शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात आज जन्मलेल्या वासराला वेळेवर चीक पाजण्यापासून होते.